झाकलेल्या नकाशाची परंपरा

दप्तरातील नकाशा जितके अधिक दाखवील तितका तो मोलाचा, हा आपणा नोकरदारांचा नित्याचा अनुभव. खेळासाठी सिद्ध केलेल्या नकाशाची कसोटी मात्र तो काय झाकतो यावरच लागते. आज संगणकाच्या पडद्यावर जे भूमिकाप्रधान बैठे खेळ खेळले जातात, त्यांच्या नकाशांमागे दोनशे वर्षांची परंपरा आहे.

तिचा आरंभ आम्हांस प्रशियात दिसतो. १८१२ साली राइसवित्स यांनी राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म यास युद्धाचा एक खेळ सादर केला. जमिनीचे आकार दाखविणारे तुकडे मेजावर जुळवून त्यात रणभूमी रचीत. त्यांचा पुत्र तोफखान्यात अधिकारी होता. त्याने १८२४ साली नवी नियमावली प्रसिद्ध केली आणि तुकड्यांच्या जागी १:८००० प्रमाणाचे नकाशे आणले. शत्रूच्या दृष्टीस पडेल तेवढेच सैन्य पंच नकाशावर मांडी. उरलेले त्याच्या मनात राही.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. सैन्याची जागा एकेका पात्राने घेतली, पंचाची सूत्रधाराने. भुयाराचा नकाशा सूत्रधार चौकटीच्या कागदावर काढून आडोशास ठेवी. खेळाडू त्याचे वर्णन ऐकून आपला नकाशा आपणच काढीत. पुढे २००० सालच्या आवृत्तीत एक इंचाचे घर म्हणजे पाच फूट, अर्थात १:६०, हे माप रूढ झाले.

२०१२ साली ‘रोल ट्वेंटी’ हे संगणकीय मेज सुरू झाले आणि इंचाची जागा पिक्सेलने घेतली. तेथे एक घर मुळात ७० पिक्सेलचे धरलेले असते. तेव्हा ३० घरे लांब व २० घरे रुंद असा वाडा २१०० गुणिले १४०० पिक्सेलचा करावा लागतो. चित्रातील घर ७१ पिक्सेलचे राहिले, तर तिसाव्या घराशी ३० पिक्सेलची तफावत पडते. मग भिंतीअलीकडची सोंगटी भिंतीत रुतलेली दिसते. याशिवाय चित्राच्या दोन प्रती ठेवाव्या लागतात. सूत्रधाराच्या प्रतीत चोरदरवाजे व सापळे यांच्या खुणा असतात. खेळाडूंच्या प्रतीतून त्या पुसाव्या लागतात. एक खूण राहून गेली तरी साऱ्या रात्रीचे कुतूहल मावळते. भिंतींवर अदृश्य रेषा आखल्या की ज्याच्या सोंगटीस जेवढे दिसावे, तेवढेच त्याच्या पडद्यावर उमटते. १८२४ साली पंच जे काम करी, ते आता यंत्र करते.

तथापि झाकावे काय आणि उघडावे केव्हा, हा विवेक यंत्राकडे गेलेला नाही. बदल्यांनी चार प्रांतांत पांगलेले मित्र आज एका मेजाशी बसू शकतात, ते एकाने सर्वांआधी सारा नकाशा पाहून मौन राखल्यामुळे. त्या मौनावर इतरांचा विश्वास असतो, म्हणूनच खेळ रंगतो.