मोडशी आणि पेजेची निवळ

पटकी हा लहान आतड्याचा आजार. दूषित पाण्यातून पोटात गेलेल्या जंतूंपैकी काही जठरातल्या आम्लातून निभावतात, लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतात आणि तिथे विष सोडतात. त्या विषाने अस्तरातल्या पेशी क्षार आणि पाणी एकसारखे आतड्यात ओतू लागतात. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब लागतात आणि उपचार झाला नाही तर धडधाकट माणूस काही तासांत सुकून जातो. गोव्यात आणि लगतच्या कोकणात या आजाराला मोडशी म्हणत. युरोपीय वैद्याने स्वतः पाहून लिहिलेले आणि भारतातच छापले गेलेले पटकीचे पहिले वर्णन याच किनारपट्टीवरचे आहे.

१५४३ च्या पावसाळ्यात गोव्यात मोडशीची मोठी साथ आली. गास्पार कोरेया या पोर्तुगीज बखरकाराने ती नोंदवली आहे. अंगावरच्या पोरापासून ऐंशीच्या म्हाताऱ्यापर्यंत कोणी सुटले नाही. ओकाऱ्या, न शमणारी तहान, तळपायापर्यंत येणारे पेटके ही लक्षणे तो देतो. शहरात रोज बारा, पंधरा, वीस प्रेते पुरली जात. शेवटी गव्हर्नर मार्तीं आफोन्सो द सोझा याने चर्चच्या मृत्युघंटा वाजवायलाच बंदी केली. त्याने आणखी एक गोष्ट केली, आणि रोगनिदानाच्या इतिहासात तिचे मोल मोठे आहे. एका मृताचे पोट फाडून पाहण्याचा हुकूम त्याने दिला. आत काही सापडले नाही. जठर तेवढे कोंबडीच्या पेटुकलीसारखे आकसलेले आणि होरपळलेल्या चामड्यासारखे सुरकुतलेले होते. ही साथ पटकीचीच होती हे आज प्रयोगशाळेत सिद्ध करता येणार नाही, पण लक्षणे इतकी जुळतात की दुसरे निदान सुचत नाही.

वीस वर्षांनी, १५६३ मध्ये, गार्सिया द ओर्ता या वैद्याचा भारतीय औषधींवरचा संवादग्रंथ गोव्यातच छापला गेला. ओर्ता १५३४ पासून गोव्यात होता आणि ऐकीव माहितीपेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा भरवसा होता. मोडशी बहुधा चोवीस तासांत जीव घेते, दहा तासही न टिकलेले रोगी आपण पाहिले आहेत आणि जून-जुलैत तिचा जोर सर्वाधिक असतो, असे तो लिहितो. कारण मात्र तो अति खाण्यात शोधतो. स्थानिक वैद्यांचे उपचारही त्याने टिपून ठेवले: पायाला डाग देणे, पेटक्यांसाठी हातपाय पट्ट्यांनी आवळणे, डोळ्यांत पिंपळी घालणे, आणि मिरी-जिरे घातलेले तांदळाचे पाणी पाजणे. डाग देण्याची रीत पुढे शंभरावर वर्षे टिकली. सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेला आलेला इंग्रज पाद्री ओव्हिंग्टन टाचेला तापलेले लोखंड लावण्याबद्दल लिहितो, आणि मासे व मांस एकत्र खाण्याला दोष देतो.

ओर्ताच्या यादीतले डाग आणि पिंपळी म्हणजे रोग्याचा निव्वळ छळ होता. तांदळाच्या पाण्याचे तसे नाही; का, ते पुढे येईल.

मोडशीचा जोर पावसाळ्यातच का, याचे उत्तर जमिनीत आहे. मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जांभा दगड सच्छिद्र. परसातली घाण पावसाच्या पाण्याबरोबर मुरत जाऊन विहिरीला मिळते. बिनकठड्याच्या विहिरीत तर ती वरूनच वाहून येते. १८१७ मध्ये बंगालमधल्या जेसोरहून उसळलेली साथ १८१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईला पोचली. पुढे मुंबई-गोवा मार्गावरच्या आगबोटी देवगड, मालवण, वेंगुर्ल्याला थांबू लागल्या, तेव्हा चाकरमान्यांच्या गाठोड्यांबरोबर रोगाच्या प्रवासालाही वाट मिळाली. लोकांनी साथीची देवी जरीमरी हिला कौल लावले. दवाखान्यांतून पाऱ्याचा रसकापूर, अफू आणि शिरा उघडून रक्त काढणे चालू होते, आणि तहानेने तडफडणाऱ्याला पाणी नाकारणारे डॉक्टरही होते. १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस लाट्टाने शिरेतून मिठाचे पाणी देऊन मरणाच्या दारातले रोगी उठवले. तरी ती वाट कित्येक दशके ओसच राहिली.

जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात जंतू ओळखला. पण आतड्यात नेमके काय बिघडते हा प्रश्न उरलाच. अस्तर सोलून निघते, अशी जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फिर्खोपासूनची समजूत होती. १९५९ मध्ये दोन बाजूंनी ती कोसळली. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जंतू गाळून टाकलेले द्रव सोडले. जंतू नसतानाही तुकडा पाण्याने टम्म फुगला. म्हणजे काम विषाचे होते. त्याच सुमारास बँकॉकमध्ये युजीन गँगरोसा यांनी गिळता येणाऱ्या छोट्या कुपीने जिवंत रोग्यांच्या आतड्याचे नमुने काढले. अस्तर शाबूत निघाले. कोरेयाच्या नोंदीतल्या त्या शवविच्छेदनात काही न सापडण्याचे कारण यात मिळते: झीज होतच नाही, बिघडतो तो क्षारपाण्याचा व्यवहार.

आणि तो पुरता बिघडत नाही. ग्लुकोज आणि सोडियम आतड्याच्या पेशीत जोडीने शिरतात, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडले. ही वाट पटकीतही उघडी राहते आणि तिच्यामागून पाणी आत ओढले जाते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावला बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले आणि मृत्यूंचे प्रमाण कितीतरी खाली आणले. हीच जलसंजीवनी. पुढे साखरेच्या जागी तांदूळ वापरून पाहिला, तर पटकीच्या रोग्यांत जुलाबाचे प्रमाण आणखी घटले. पिष्ट आतड्यात हळूहळू सुटते, ग्लुकोज पुरवत राहते आणि स्वतः पाणी ओढून घेत नाही.

सिंधुदुर्गातल्या घरांत आजाऱ्याला उकड्या तांदळाची पेज देतात. तांदूळ फुटेपर्यंत शिजवून वरची निवळ वाटीत काढायची, त्यात मिठाचा खडा विरघळवायचा आणि घोट घोट पाजायची. जरा उतार पडला की आटवल, म्हणजे मऊ भात. ओर्ताच्या कृतीत मिठाचा उल्लेख नाही, आणि मिठाशिवाय ती निवळ अर्धेच काम करते. मिठाच्या पेजेतही पोटॅशियम पुरेसे नसते. जलसंजीवनीच्या आजच्या पुडीत लिटरभर पाण्यासाठी २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते, आणि मुलांना तिच्या जोडीने जस्ताच्या गोळ्या देतात. नाडी हाताला लागेनाशी झाली, डोळे खोल गेले, लघवी थांबली, की पेज आणि पुडी दोन्ही अपुरी पडतात. तिथे शिरेतून सलाइन आणि प्रतिजैविक हाच उपचार आहे.