कागदातला तारा

साठच्या दशकात मी शाळेत होतो आणि पोस्टाची तिकिटं जमवत होतो. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेल्या माझ्या आजोबांनी एकदा मला पंचम जॉर्जचं अर्ध्या आण्याचं हिरवं तिकीट दिलं. तसंच एक माझ्या वहीत आधीच होतं. एकाच राजाची दोन तिकिटं कशाला, म्हणून आजोबांचं तिकीट वर्गातल्या मुलाला देऊन मी त्याच्याकडून एक त्रिकोणी परदेशी तिकीट घेतलं. आजोबांना मोठ्या कौतुकानं दाखवलंही. ते बोलले काही नाहीत, वही मिटून ठेवली.

त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ कळायला मला वीस वर्षं लागली. तो तिकिटाच्या कागदात होता.

कागद ओळखण्याची सुरुवात सोपी आहे. तिकीट उजेडासमोर धरावं. पोत सगळीकडे सारखा असेल तर तो साधा कागद. आतून जवळजवळ समांतर रेघा दिसल्या तर तो रेघी कागद. या रेघा छापलेल्या नसतात. ओला लगदा ज्या जाळीवर पसरतात, तिच्या त्या खुणा. जम्मू-काश्मीर संस्थानानं १८६६ साली काढलेल्या गोल तिकिटांच्या देशी कागदात अशा रेघा सापडतात.

तिसरी खूण जलचिन्हाची. नोट उजेडात धरली की गांधीजी दिसतात ना, तसंच. कागद ओला असताना त्यावरून उठावाच्या नक्षीचा रूळ फिरवतात. नक्षीखाली लगदा पातळ होतो, तिथून उजेड जास्त येतो. चित्राची नक्कल करता येते, पण असा कागद मिळवणं कठीण. म्हणून सरकार त्याचा आग्रह धरतं.

कागदाचं महत्त्व आपल्याकडे अगदी पहिल्या तिकिटापासून दिसतं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथले कमिशनर बार्टल फ्रियर यांनी १ जुलै १८५२ रोजी 'सिंध डाक' तिकिटं काढली. त्यातली लाल तिकिटं लाखेसारख्या ठिसूळ चकतीवर उठवलेली होती. ती तडकायची, तुकडे पडायचे. शेवटी कागदावर ठसा उठवलेली पांढरी आणि निळी तिकिटं आली.

१८५५पासून लंडनची 'डे ला रू' कंपनी आपली तिकिटं छापू लागली. आधी निळसर झाकेचा तुळतुळीत कागद, मग पांढरा. १८६५पासून कागदात हत्तीचं डोकं आलं, १८८२पासून तारा. पुढे १९२५ साली नाशिकला छापखाना उभा राहिला आणि १९२६पासून तिकिटं तिथे छापली जाऊ लागली. राजा तोच, हिरवा रंगही तोच. लंडनच्या तिकिटात मात्र एकच मोठा तारा असे, नाशिकच्या कागदात लहान लहान तारे सगळीकडे विखुरलेले. स्वातंत्र्यानंतरही हे तारे टिकले. १९५७ साली आलेल्या भारताच्या नकाशाच्या, नव्या पैशांच्या तिकिटांतसुद्धा ते आहेत. १९५८पासून त्यांची जागा अशोकस्तंभानं घेतली.

हे वाचलं त्या रात्री मी जुनी वही काढली. काळ्या बशीत ते हिरवं तिकीट पालथं ठेवलं, वर बेंझिनचे दोन थेंब टाकले. (बेंझिन चटकन पेट घेतं, तेव्हा खिडकी उघडी ठेवावी आणि जवळ दिवा-काडी नसावी.) क्षणभर एकच मोठा तारा गडद झाला आणि विरला. माझ्याकडे राहिलं होतं ते लंडनचं.

आजोबांचं तिकीट कुठलं होतं, हे आता तपासता येणार नाही. ते तिकीट नाही, आणि आजोबाही नाहीत. पण सगळी हयात ज्यांनी नाशिकच्या छापखान्यात काढली, त्यांनी नातवाच्या हातात लंडनचं तिकीट ठेवलं असेल, असं मला वाटत नाही.

म्हणून सांगतो, घरातल्या मुलानं 'हे माझ्याकडे आहे' म्हणून एखादं तिकीट बाजूला सारलं, तर ते देऊन टाकण्याआधी दोन्ही तिकिटं एकदा उजेडासमोर धरा.