हरवलेली मृत्यूची नोंद : स्कॉटलंडातील कुलशोधाचा एक धडा

ज्ञातीच्या स्मरणिकेत स्कॉटलंड देशाची हकीकत कशासाठी, असा प्रश्न आमच्या ज्ञातिबंधुभगिनींच्या मनात सहजच उद्भवेल. परंतु वंशावळ लिहावयास बसलेल्या प्रत्येकास एक अडचण येते. पूर्वजाचे नाव सापडते, जन्म आणि विवाहही सापडतो. पण तो कधी व कोठे वारला हे काही केल्या सापडत नाही. स्कॉटिश घराण्यांचा शोध घेणाऱ्यांपुढेही नेमकी हीच अडचण असते. तिचा उलगडा ते कसा करतात, हे पाहणे आपणांस उद्बोधक ठरेल.

स्कॉटलंडात मृत्यूची सरकारी नोंद करणे १ जानेवारी १८५५ पासून सक्तीचे झाले. त्या पहिल्या वर्षीची नोंद म्हणजे जणू एक छोटे चरित्रच होय. मृताचे वय, जन्मस्थान, आईबापांची नावे, पती अथवा पत्नी, सर्व अपत्ये, मरणाचे कारण आणि दफनाची जागा इतके तपशील तीत असत. हा व्याप न झेपल्यामुळे पुढच्याच वर्षी त्यांतील पुष्कळ रकाने गाळण्यात आले. पतिपत्नीचे नाव १८६१ साली पुन्हा आले.

त्यापूर्वीच्या काळी सारी भिस्त गावोगावच्या चर्चमधील वह्यांवर होती. त्यांतील सर्वात जुनी, पर्थशायरमधील एरल या गावची, १५५३ पासूनची आहे. पण बाप्तिस्मा व विवाह जितक्या काळजीने लिहिले जात, तितक्या काळजीने मृत्यू लिहिले जात नसत. पुष्कळ ठिकाणी मृत्यूची म्हणून जी वही समजली जाते, ती वस्तुतः जमाखर्चाची वही असते. शवपेटीवर आच्छादण्याचे वस्त्र चर्चकडून भाड्याने मिळे. ते भाडे जमा झाले म्हणूनच मृताचे नाव लिहिले गेले! ज्यांच्यासाठी असे वस्त्र घेतले गेले नाही, ती लहान मुले व गोरगरीब माणसे त्या वहीत आलीच नाहीत. पुढे १७८३ साली प्रत्येक नोंदीवर तीन पेनी कर बसला आणि तो १७९४ पर्यंत राहिला. तेव्हा कित्येकांनी नोंद करण्याचेच टाळले. १८४३ साली चर्चमध्ये मोठी फूट पडून फ्री चर्च निराळे झाले. त्या घराण्यांच्या नोंदी जुन्या चर्चच्या वहीत शोधणे व्यर्थ ठरते.

मग १८५५ नंतरचे मृत्यू तरी हमखास सापडतात काय? तसेही नाही. स्कॉटलंडात विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव कायद्याने कायम राहते. म्हणून तिची नोंद शोधताना माहेरचे व सासरचे अशी दोन्ही आडनावे पाहावी लागतात. आडनावांचे लेखन तर लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून असे. शिवाय मनुष्य देशाबाहेर वारला असेल, तर गावच्या नोंदपुस्तकात त्याचे नाव येणार कोठून? आपल्या परिचयाची दोन नावे घेऊ. १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे जन्माने स्कॉटिश. परंतु १८५९ साली ते वारले इंग्लंडातील सरे परगण्यात. लॉडर गावी १८०४ साली जन्मलेले डॉ. जॉन विल्सन, ज्यांचे नाव मुंबईच्या विल्सन महाविद्यालयास आहे, ते १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच निवर्तले. मुंबई इलाख्यातील दफननोंदींच्या नकला लंडनला जात असत. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. समुद्रावरील मृत्यूंची पुस्तके १८५५ पासून निराळी ठेवली गेली.

अशा वेळी सूज्ञ शोधक मृत्यूची वही मिटतो आणि मागे राहिलेल्यांकडे वळतो. १८५१ च्या खानेसुमारीत पतिपत्नी एकत्र आहेत आणि १८६१ च्या खानेसुमारीत पत्नीच्या नावापुढे 'विधवा' असे लिहिले आहे, तर मृत्यू त्या दहा वर्षांतला हे ठरले. मधल्या काळात मुलीचे लग्न झाले असेल, तर विवाहनोंदीत बाप मृत असल्याचा उल्लेख पाहावा. मुदत आणखी आखूड होते. मृत्युपत्रे व मालमत्तेची कागदपत्रे एडिंबरोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ज्यांच्यापाशी मालमत्ता नव्हती, त्यांच्यासाठी १८४५ च्या कायद्यानंतरची गरिबांच्या मदतीची पुस्तके आहेत. मदत मागणाऱ्या विधवेची करुण हकीकत त्यांत कधी कधी सविस्तर सापडते. गावच्या थडग्यावर परदेशी वारलेल्या मुलाचे नाव कोरण्याचीही तेथे चाल होती.

यावरून जो बोध घ्यावयाचा तो असा की, नोंद नाही म्हणजे माणूस नव्हता असे नव्हे. नोंद का नाही हे कळले, की ती कोठे शोधावी हे बहुधा कळते. आणि ती कायमची नाहीशी असली, तरी तिच्या अभावातून त्या माणसाचे दारिद्र्य, पंथ वा देशांतर यांपैकी काहीतरी हाती लागतेच. आपल्याकडे ज्यांची तिथी ठाऊक नाही, त्यांचे स्मरण सर्वपित्री अमावास्येस करण्याचा प्रघात आहे. तो प्रघात थोर खराच. तथापि तिथी ठाऊक असलेली वडीलधारी माणसे घरात आहेत, तोवरच त्यांस विचारून ती लिहून ठेवणे अधिक श्रेयस्कर होय. त्यांत घरातील स्त्रियांची माहेरची नावे आणि लहानपणीच गेलेली बालके यांस प्रथम स्थान द्यावे, कारण वहीतून सर्वात आधी गळतात ती हीच माणसे. एवढी आमची सर्व कुटुंबांस नम्र विनंती आहे.