विद्युत् रेडिएटर पंखा : पिकअप ट्रकमधील रूपांतर

ट्रकच्या इंजिनाकडून शक्ती घेऊन फिरणारा रेडिएटरचा पंखा काढून त्याच्या जागी गाडीच्या विजेवर चालणारा पंखा बसवण्याच्या कामास विद्युत् पंख्याचे रूपांतर म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हलक्या पिकअप ट्रकांत ते सर्वाधिक आढळते. कारखान्यातून यांत्रिक पंख्यासह बाहेर पडलेल्या गाडीत मालक किंवा गॅरेजवाला नंतर हा बदल करतो. प्रस्तुत नोंदीचा भर जनरल मोटर्सच्या १९९९ पासूनच्या जीएमटी८०० या पिढीवर आहे, कारण तिच्या जोडणीची माहिती तपशिलात उपलब्ध आहे.

यांत्रिक पंखा : इंधनातील उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश कामाला येते, बाकीची धुराड्यातून आणि रेडिएटरच्या पाण्यातून बाहेर टाकावी लागते. रेडिएटरमधून हवा ओढण्याचे काम पंखा करतो. गाडी ताशी ५०–६० किमी.च्या पुढे गेली की समोरून येणारा वाराच बहुतेक वेळा पुरतो आणि पंख्याची गरज उरत नाही. पण पट्ट्याला बांधलेल्या पंख्याला ते कळत नाही. इंजिन जितके फिरेल तितका तो फिरतो. हवेचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात वाढतो, त्यासाठी लागणारी शक्ती मात्र वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट लागते. १९७१ पर्यंत अमेरिकन कारखाने जी ‘ग्रॉस’ अश्वशक्ती जाहिरातीत छापत ती मोजताना इंजिनावर पंखा नसे. १९७२ पासून ‘नेट’ आकडे रूढ झाले आणि जाहिरातीतील आकडे एकदम खाली आले. त्या घसरणीत पंख्याचाही वाटा होता.

हा अपव्यय कमी करण्यासाठी व्हिस्कस क्लच आला. त्याच्या डबीत दाट सिलिकॉन तेल असते. पुढच्या तोंडावर दोन धातूंची चपटी गुंडाळी असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ती वळते, आतली झडप उघडते, तेल खाचांत शिरते आणि पंखा इंजिनाबरोबर फिरू लागतो. हवा थंड असताना क्लच सरकतो, तरी पंखा पूर्ण थांबत नाही. या क्लचचे आयुष्य संपते तेही सावकाश : तेल झिरपून तोंडावर धुळीचा काळा चिकट थर बसतो, मग चढावर इंजिन तापू लागते. अचानक दगा न देणे हा त्याचा मोठा गुण आहे आणि रूपांतराच्या उत्साहात तो सहसा विसरला जातो.

विद्युत् पंख्याचा उगम : मोटारीत विद्युत् पंखा शिरला तो शक्ती वाचवण्यासाठी कमी आणि जागेच्या अडचणीमुळे जास्त. इंजिन आडवे बसवून पुढची चाके फिरवायची म्हटल्यावर इंजिनाचे तोंड बाजूला वळते आणि पट्ट्यावरचा पंखा रेडिएटरसमोर येत नाही. १९६९ च्या फियाट १२८ मध्ये पाण्याच्या तापमानानुसार चालू-बंद होणारा विद्युत् पंखा होता. पुढे ही मांडणी जगभरच्या छोट्या गाड्यांनी उचलली. ट्रकांत इंजिन उभेच राहिले, पंखा वॉटर पंपाच्या दांड्यावर सोयीने बसत राहिला, आणि म्हणून पिकअपांत हा बदल उशिरा आला. जीप चेरोकीच्या एक्सजे मॉडेलात, वातानुकूलन असलेल्या चार लिटरच्या गाड्यांत, एकाच रेडिएटरमागे एक यांत्रिक आणि एक विद्युत् असे दोन पंखे शेजारी शेजारी असत. जनरल मोटर्सने २००५ च्या मॉडेल-वर्षापासून अर्ध्या टनाच्या, म्हणजे हलक्या वर्गाच्या, पिकअपांना कारखान्यातच दोन विद्युत् पंखे दिले. जास्त भाराच्या एचडी मालिकेत यांत्रिक पंखाच ठेवला.

पंखा व श्राउड : भंगार यार्डातून मिळणाऱ्या पंख्यांत १९८८ नंतरच्या फोर्ड टॉरसच्या ३.८ लिटर इंजिनाचा दोन वेगांचा पंखा आणि लिंकन मार्क ८ चा सुमारे १८ इंची पंखा हे दोन नावाजलेले आहेत. नवे संच बनवणाऱ्यांत अमेरिकेतील फ्लेक्स-अ-लाइट आणि इटलीतील स्पाल ही नावे प्रमुख. खोक्यावर छापलेला दर मिनिटाला इतके घनफूट हवा हा आकडा बहुधा मोकळ्या हवेतला असतो. पंख्यासमोर वातानुकूलनाचा कंडेन्सर, तेलाचा कूलर आणि दाट फिनांचा रेडिएटर आला की प्रवाह त्याहून बराच कमी भरतो. म्हणून छापील आकड्यापेक्षा मोटर किती अँपिअर खाते हे पाहणे अधिक विश्वसनीय : जास्त काम करणाऱ्या मोटरला वीज जास्त लागतेच.

पंख्याइतकेच महत्त्व श्राउडला, म्हणजे पंख्याभोवतीच्या कवचाला आहे. कवच नसलेला गोल पंखा रेडिएटरला चिकटवला तर त्या गोलापुरतीच हवा ओढली जाते आणि कोपरे वाया जातात. उलट पूर्ण झाकणारे कवच वेगात जाताना समोरचा वारा अडवते. यावरचा तोडगा रबरी झडपांचा. कवचात चौकोनी खिडक्या कापून त्यांवर एका कडेने धरलेली रबरी पट्टी लावतात. पंखा चालू असताना ती ओढली जाऊन खिडकी बंद होते, आणि महामार्गावर वाऱ्याच्या दाबाने मागे उचलली जाऊन वाट मोकळी करते. रेडिएटरच्या पुढे बसवून हवा ढकलणारा पंखा हा जागा नसेल तरच पत्करायचा पर्याय. बंद असताना त्याच्या पात्या वाऱ्याच्या वाटेतच उभ्या राहतात. फिनांतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा थेट जाळीला बांधण्याचीही पद्धत आहे. ती टाळलीच पाहिजे, कारण कंपनाने पट्टी नळ्यांवर घासते आणि काही काळाने तिथूनच पाणी गळू लागते.

वायरिंग : या रूपांतरातील बहुतेक अपयशे पंख्यात नसून तारांत असतात. मोठा पंखा चालताना ३० ते ४० अँपिअर घेतो. सुरू होण्याच्या क्षणी, मोटर अजून स्थिर असताना, याच्या कित्येक पट प्रवाह उसळतो. हा प्रवाह रिले, म्हणजे कॉइलमधल्या बारीक प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, हाताळतो. बाजारात सहज मिळणारा साधा रिले ३० किंवा ४० अँपिअरचा असतो. टॉरसच्या पंख्यावर असा रिले लावला तर तो काही दिवस चालतो, मग संपर्कबिंदू चिकटतात किंवा बेस जळतो. जळालेला बेस काढून पाहिला की दोष स्पष्ट दिसतो. ३० आणि ८७ या आकड्यांच्या टर्मिनलांभोवतीचे प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेले असते, तर कॉइलची ८५–८६ ही बाजू नव्यासारखी कोरी असते. ३० व ८७ मधूनच पंख्याचा सगळा प्रवाह जातो. तिथले एक सैल थिंबलही उष्णता निर्माण करायला पुरते. त्यामुळे जाणकार ७० अँपिअर वा त्याहून मोठा रिले वापरतात. दोन वेगांसाठी व्होल्व्होच्या गाड्यांतला दुहेरी रिलेही वापरात आहे.

तारेची जाडी हा दुसरा प्रश्न. अमेरिकन मापाची १० नंबरची तांब्याची तार, म्हणजे सुमारे ५.३ चौ. मिमी. छेदाची, मीटरला साधारण ३.३ मिलिओहम रोध देते. बॅटरीपासून पंख्यापर्यंत तीन मीटर आणि परत तीन मीटर धरले तर ४० अँपिअरला जवळजवळ ०.८ व्होल्ट तारेतच खर्च होतात. साडेतेरा व्होल्टांतून एवढे गेले की पंख्याचा वेग आणि हवा दोन्ही त्या प्रमाणात उतरतात. परतीची तार चॅसिसच्या रंगवलेल्या पत्र्याला स्क्रूने लावून मोकळे होणे ही नेहमीची घाई. रंग खरवडून, किंवा सरळ बॅटरीच्या ऋण टोकाला जोडावी. फ्यूज बॅटरीलगत असावा. तो पंख्याजवळ बसवला तर मधली सगळी तार असंरक्षित राहते आणि कुठे घासून पत्र्याला लागली तर आग लागते.

वेगात जाताना वाऱ्याने फिरणारा बंद पंखा स्वतःच जनित्र बनतो. रिलेच्या कॉइलची वीज पंख्याच्याच तारेवरून किंवा चुकीच्या ठिकाणी इग्निशनवरून घेतली असेल तर ही उलटी वीज मंडलात शिरते आणि किल्ली काढल्यावरही इंजिन क्षणभर चालू राहू शकते. इग्निशनकडे जाणाऱ्या तारेत डायोड घातला की हा त्रास थांबतो.

आल्टरनेटरचाही हिशेब करावा लागतो. जीएमटी८०० गाड्यांत १०५ आणि १४५ अँपिअरचे आल्टरनेटर येत. इंजिन मंद चालत असताना आल्टरनेटर पूर्ण क्षमतेने वीज देत नाही, आणि पंख्याची गरज नेमकी तेव्हाच असते : रहदारी, रात्र, दिवे, वातानुकूलन, सगळे एकदम.

नियंत्रण : पंखा कोणत्या तापमानाला चालू व्हावा हे इंजिनाच्या थर्मोस्टॅटवर, म्हणजे पाणी ठरावीक तापमानापर्यंत तापेतो त्याची रेडिएटरकडची वाट रोखणाऱ्या झडपेवर, अवलंबून असते. अमेरिकन ट्रकांत १९५ अंश फॅरेनहाइटचा, म्हणजे सुमारे ९१ अंश सेल्सियसचा थर्मोस्टॅट सर्रास असतो. पंखा बंद होण्याचे तापमान याच्या खाली ठेवले तर तो कधीच बंद होत नाही, कारण थर्मोस्टॅट पाणी तेवढे थंड होऊच देत नाही. ‘पंखा सतत चालतो’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते. अर्धे पाणी व अर्धे इथिलीन ग्लायकॉल आणि सुमारे एक बार दाबाचे झाकण असेल तर मिश्रण १२९ अंशांच्या आसपास उकळते. म्हणजे ९८–१०० अंशांना पंखा सुरू झाला तर घाबरण्याचे कारण नाही. वातानुकूलन चालू केल्यावर कंडेन्सरसाठी पंखा वेगळ्या तारेने लागला पाहिजे; पाणी थंड असले तरी. फिनांत खुपसायचा तापमानाचा दांडा स्वस्त, पण तो एका जागेपुरतेच सांगतो. रेडिएटरच्या टाकीत किंवा इंजिनाच्या हेडमध्ये आट्यांनी बसवलेला सेन्सर चांगला.

जीएमटी८०० मधील पद्धत : या गाड्यांच्या ४.८, ५.३ व ६.० लिटरच्या व्ही-८ इंजिनांत हे रूपांतर सर्वांत नेटके होते, कारण इंजिनाच्या संगणकात पंखे चालवण्याची सोय आधीपासून असते. फक्त ती बंद ठेवलेली असते. २००५ पासूनच्या शेव्हरोले सिल्व्हरॅडो या जनरल मोटर्सच्याच पिकअपचे दोन पंख्यांचे कवच जुन्या रेडिएटरवर बसते. वॉटर पंपावरचा यांत्रिक पंखा ३६ मिमी.च्या मोठ्या नटाने धरलेला असतो; पुली फिरू नये म्हणून धरून ठेवायची आणि पान्यावर झटका द्यायचा, मग तो सुटतो. त्यानंतर संगणकापासून दोन बारीक तारा रिलेपर्यंत आणतात. संगणक रिलेला वीज देत नाही, कॉइलचे दुसरे टोक जमिनीला, म्हणजे ऋण बाजूला, जोडतो. हे न कळल्याने रिले उलटे जोडले जातात. शेवटी संगणकाचे प्रोग्रॅमिंग बदलून पंखे ‘आहेत’ असे त्याला सांगावे लागते आणि तापमाने भरावी लागतात.

कंपनीच्या अनेक गाड्यांत तीन रिलेंची मांडणी दिसते. कमी वेगासाठी दोन्ही पंखे एकसरीत जोडले जातात, त्यामुळे प्रत्येकाला निम्मेच व्होल्ट मिळतात. जास्त वेगासाठी तेच पंखे समांतर होतात. कोणताही रोधक न तापवता दोन वेग मिळतात. मोटारीच्या वायरिंगमध्ये याहून सुबक मांडणी क्वचितच सापडेल. हल्ली विजेच्या स्पंदांची (पल्सची) रुंदी बदलून वेग सलग कमी-जास्त करणारे नियंत्रक आणि ब्रशविरहित मोटरींचे पंखे आले आहेत. सुरुवातीची उसळी त्यांत जवळजवळ नसते.

लाभाविषयी : पंखा बदलल्याने किती अश्वशक्ती मिळते आणि इंधन किती वाचते याविषयी विक्रेत्यांचे दावे मोठे आहेत, १० ते २० अश्वशक्तीचे आकडे सर्रास दिले जातात. तुलना क्लच नसलेल्या पंख्याशी केली आहे की सरकणाऱ्या क्लचशी, यावर उत्तर बदलते. हिशेबाने एवढे निश्चित की ४० अँपिअर घेणारा पंखा साडेतेरा व्होल्टांवर ५४० वॉट खातो. आल्टरनेटरची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर इंजिनावर सुमारे ९०० वॉट, म्हणजे सव्वा अश्वशक्तीच्या जवळपास भार पडतो, आणि तोही पंखा चालू असेपर्यंतच. रहदारीतील थंडावा, थंडीत इंजिन लवकर गरम होणे, आवाज कमी होणे आणि उथळ ओढ्यातून जाताना पंखा बंद ठेवता येणे हे फायदे मात्र निर्विवाद आहेत. पाण्यात शिरताच यांत्रिक पंख्याच्या पात्या पुढे वाकून रेडिएटर फाडू शकतात.

ओझे ओढताना : वजनदार ट्रेलर मागे लावून लांब चढ चढणे ही खरी परीक्षा. वेग कमी, इंजिनाचे फेरे जास्त, समोरचा वारा अपुरा. यांत्रिक पंखा नेमका याच वेळी सर्वाधिक हवा ओढतो. अमेरिकेतील एसएई जे२८०७ या मानकाची चढाची कसोटी ॲरिझोनातील डेव्हिस डॅम घाटावर आधारलेली आहे. तिथे सुमारे १८ किमी. सलग चढ, किमान ३८ अंश सेल्सियस हवा आणि वातानुकूलन पूर्ण चालू, अशा स्थितीत मागे एकेरी चाके असलेल्या पिकअपने ताशी ४० मैलांखाली उतरायचे नसते. अर्ध्या टनाच्या अनेक गाड्या आता विद्युत् पंख्यांनिशी तयार होतात. पण त्यांचा रेडिएटर, कवच आणि आल्टरनेटर एकत्र आखलेले असतात. जुन्या गाडीत फक्त पंखा बदलून तेवढी खात्री देता येत नाही. नेहमी जड ट्रेलर ओढणाऱ्याने चांगला व्हिस्कस क्लच ठेवावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. डिझेल पिकअपांनीही विद्युत् पंख्याऐवजी संगणकाने चालणारा व्हिस्कस क्लच पत्करला. फोर्डच्या २००३ च्या ६.० लिटर पॉवर स्ट्रोक इंजिनात तो होता.

अवजड वाहने : मोठ्या मालट्रकाचा पंखा पूर्ण जोडला गेल्यावर ३० अश्वशक्ती किंवा त्याहून अधिक घेतो. हे सुमारे २२ किलोवॉट झाले. १४ व्होल्टांवर त्यासाठी १,६०० अँपिअर लागतील. ४८ व्होल्टांवरही आकडा ४६० च्या पुढे जातो. म्हणून या वर्गात हवेच्या दाबाने जुळणारे-सुटणारे क्लच टिकून आहेत. मिनेसोटातील हॉर्टन ही त्यांची जुनी उत्पादक. शहरी बसांत चित्र वेगळे आहे. तिथे हायड्रॉलिक मोटरने फिरणारा मोठा पंखा काढून अनेक लहान विद्युत् पंख्यांचा संच बसवतात. मिशिगनमधील एस्कनाबा येथील इंजिनिअर्ड मशीन्ड प्रॉडक्ट्स या कंपनीचे संच अमेरिकन बसांत आहेत. गरम भागांजवळून जाणारे दाबाखालचे तेल नाहीसे झाल्याने आगीचा धोकाही कमी होतो.

भारत : लहान मोटारींत विद्युत् पंखा मारुती ८०० पासून सर्वपरिचित, मध्यम व अवजड डिझेल ट्रकांत इंजिनावरचाच पंखा, बहुधा व्हिस्कस क्लचसह.