आधुनिक चित्रकलेतील रंग व रंगद्रव्ये

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पाश्चात्त्य चित्रकलेत रंग वस्तुवर्णनाच्या बंधनातून क्रमशः मुक्त झाला व त्यास स्वतंत्र अभिव्यक्तिमूल्य प्राप्त झाले. या परिवर्तनाचे विवेचन सामान्यतः कलासंप्रदायांच्या अनुषंगाने केले जाते. तथापि त्याची मुळे रसायनोद्योगातही आहेत. ज्या नव्या रंगद्रव्यांनी चित्रकारास हे स्वातंत्र्य दिले, त्यांपैकी काहींनी पुढे त्याच्या चित्रांचे मूळ रूपच पालटले.

पूर्वी चित्रकार वा त्याचे शिष्य चित्रशाळेत रंग घोटून तयार करीत. क्रोमियम, कोबाल्ट व कॅडमियम यांच्या संयुगांपासून तयार केलेले झळझळीत रंग एकोणिसाव्या शतकात बाजारात आले. १८५६ नंतर डांबरापासून मिळविलेल्या कृत्रिम रंजकांची त्यांत भर पडली. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये रंग भरण्याच्या कथिलाच्या मऊ नळीचे एकस्व मिळविले. या नळीमुळे उघड्यावर, प्रत्यक्ष दृश्यासमोर बसून तैलचित्रण करणे दृक् प्रत्ययवाद्यांना सुकर झाले.

रंगांच्या परस्परसंबंधांचा शास्त्रीय विचारही याच सुमारास पुढे आला. पॅरिसच्या गोब्लँ चित्रजवनिका-कारखान्यातील रंजनविभागाचा प्रमुख मीशेल शव्ह्रल (१७८६–१८८९) याच्याकडे काळे धागे फिकट दिसतात, अशी तक्रार आली. दोष रंजकाचा नसून शेजारच्या रंगांचा आहे, असे त्यास आढळले व त्याने १८३९ मध्ये आपला रंगविरोधाचा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. झॉर्झ सरा (१८५९–९१) याने ग्रांद जात बेटावरील रविवारच्या विख्यात चित्रात (१८८४–८६) शुद्ध रंगांचे ठिपके शेजारीशेजारी ठेवून त्यांचे मिश्रण प्रेक्षकाच्या दृष्टीवर सोपविले. परंतु त्यात वापरलेला झिंक पीत रंग थोड्याच वर्षांत तपकिरी पडला व उन्हातील हिरवळीची झळाळी मंदावली. ज्या चित्राची सारी रचनाच लगतच्या ठिपक्यांच्या नात्यावर उभी आहे, त्यात ही हानी केवळ वरवरची म्हणता येत नाही.

व्हिन्सेंट व्हान गॉख (१८५३–९०) यास या धोक्याची जाणीव होती. नवे रंग टिकाऊ नाहीत, म्हणून ते अधिकच भडक लावावेत, अशा आशयाचे त्याने आपल्या भावास १८८८ मध्ये लिहिले होते. आर्ल येथील आपल्या शयनगृहाच्या चित्रातील (१८८८) भिंती फिकट जांभळ्या असल्याचे त्याच्याच पत्रात नमूद आहे. त्यांतील तांबडे रंगद्रव्य उडून गेल्याने त्या आज निळ्या दिसतात. जांभळा व पिवळा या पूरक रंगांतून त्यास विश्रांतीचा भाव सुचवावयाचा होता. निळ्या भिंतींवरून त्याच्या मनःस्थितीचे निदान करू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावयास हवे. त्याच्या चित्रांतील क्रोम पीत रंग काळवंडण्याचे कारण, म्हणजे प्रकाशामुळे होणारे क्रोमियमचे क्षपण, २०११ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने स्पष्ट करण्यात आले.

पॅरिसच्या १९०५ च्या शरद-प्रदर्शनातील आंरी मातीस (१८६९–१९५४) व त्याचे सहकारी यांच्या उग्र रंगांमुळे समीक्षक लुई व्होसेल याने त्यांस ‘वन्य पशू’ असे संबोधिले. त्यानंतर लगेच पूर्ण झालेल्या मातीसच्या जीवनानंदावरील चित्रातही कॅडमियम पीत रंग काही भागांत विटून हस्तिदंती झाला आहे. एरवी कॅडमियमचे रंग बरेच टिकाऊ असतात. तत्कालीन उत्पादनाची प्रत मात्र सारखी नसे.

पुढे रंग हाच चित्रविषय झाला, तेव्हा हा प्रश्न अधिक तीव्र झाला. ईव्ह क्लाइन (१९२८–६२) याने तेलात निळ्या भुकटीचे तेज मावळते म्हणून कृत्रिम राळेचे बंधक वापरले. मार्क रॉथ्को (१९०३–७०) याने हार्व्हर्ड विद्यापीठाच्या भोजनकक्षासाठी केलेल्या भव्य चित्रमालिकेत लिथॉल रेड हे रंगद्रव्य होते. खिडक्यांतून येणाऱ्या उन्हाने ते इतके उडाले, की १९७९ पर्यंत ही चित्रे उतरवून ठेवावी लागली. त्यांवर पुन्हा रंग चढविणे म्हणजे रॉथ्कोचा हात पुसून टाकणे ठरले असते. म्हणून २०१४ च्या प्रदर्शनात चित्रांना स्पर्श न करता, उणा पडलेला रंग संगणकनियंत्रित प्रकाशाने त्यांवर पाडण्यात आला. दररोज दुपारी चार वाजता हा प्रकाश बंद करीत; तेव्हा विटलेली मूळ चित्रे प्रेक्षकांसमोर येत.