चाळीतून आलेला अँप्लिफायर

स्मरणिका समितीने सोसायटीच्या इतिहासावर लिहायला सांगितलं. नोंदणी, कन्व्हेयन्स, लिफ्ट, पाण्याची टाकी यांवर इतरांनी लिहिलंच आहे. मी लिहितोय कार्यालयातल्या कपाटात खालच्या फळीवर असलेल्या त्या राखाडी पत्र्याच्या खोक्याबद्दल. नव्या बिऱ्हाडांतल्या मुलांना तो भंगार वाटतो. तो आपल्या सोसायटीपेक्षा १७ वर्षांनी मोठा आहे.

१९८३ साली, इथे चाळ होती तेव्हा, गणेशोत्सव मंडळाने खोलीमागे ३० रुपये वर्गणी काढून हा अँप्लिफायर घेतला. त्याआधी दरवर्षी भाड्याने आणावा लागे. तो काळच मोठ्या बदलाचा होता. जुने अँप्लिफायर काचेच्या व्हॉल्व्हचे. चालू केले की तापायला वेळ घ्यायचे, वजनाला भारी, आणि गाडीच्या बॅटरीवर चालवायचे तर वेगळा खटाटोप. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत लागला, पण लाउडस्पीकरचे भोंगे वाजवण्याइतका दमदार आणि स्वस्त ट्रान्झिस्टर मिळायला साठचं दशक उजाडलं. त्यातला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे २एन३०५५. शंकरपाळ्यासारख्या आकाराच्या धातूच्या बैठकीवर गोल टोपी, असं त्याचं रूप. आपल्या खोक्याच्या पाठीमागे तशा दोन टोप्या दिसतात. याच्यामुळे अँप्लिफायर २३० व्होल्टवर चालतो आणि वेळ पडली तर १२ व्होल्टच्या बॅटरीवरही.

ही वेळ पडली २६ जुलै २००५ ला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. वीज गेलेली, फोन बंद, तळमजल्यात पाणी शिरायला लागलेलं. चाळीपासून हा अँप्लिफायर सांभाळणारे आमचे माईकवाले काका तेव्हा साठीच्या पुढे होते. त्यांनी एका रहिवाशाच्या मोटारीची बॅटरी काढवून घेतली, खोका दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात मांडला आणि रात्री उशिरापर्यंत माईकवरून सांगत राहिले: कोणाच्या घरी जागा आहे, कुठे चहा केलाय, कोणाची मुलं शाळेतच सुखरूप आहेत. शेजारच्या गल्लीतली माणसंही त्या आवाजाच्या रोखाने आली.

त्यानंतर काही वर्षांनी खोक्याला विचित्र दुखणं जडलं. आरती नीट चालायची, पण पुढे भाषण सुरू झालं की मध्येच आवाज अर्धा व्हायचा आणि फाटायचा. काका खोक्यावर एक थाप मारत, की पुन्हा ठणठणीत. दुरुस्तीला नेला की दुकानात तो अगदी शहाण्यासारखा वाजे. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा २०११ च्या वार्षिक सभेत ‘भंगारात काढावा’ असा ठराव आला. तो ठीकच होता, मतभेद असू शकतात. पण इतिवृत्तात कारण लिहिलं गेलं ‘हाताळणीतील निष्काळजीपणा’. नाव नव्हतं, तरी हाताळणारा माणूस एकच होता. काका सभेला होते, काही बोलले नाहीत. जुने चाळकरी आणि नवे फ्लॅटधारक यांच्यात तेव्हा तसंही फारसं सख्य नव्हतं, हे आता पंचवीस वर्षांनंतर लिहायला हरकत नाही.

बँकेत आमच्या काळी दिवसअखेर वह्या जुळवाव्या लागत. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर आधी आकडे उलटसुलट पडलेत का ते पाहायचं, हे आम्हाला शिकवलेलं. ठरलेला फरक सापडतो. त्रास देतो तो आज असलेला आणि उद्या नसलेला फरक. त्यावर उपाय एकच: फरक पडेल तेव्हा त्याची नोंद ठेवणे. मी ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबवून घेतला आणि काकांना एक वही दिली.

अकरा नोंदी झाल्या. माईकवर आवाज फाटतो तसाच कॅसेटवरही, म्हणजे माईक आणि त्याची वायर निर्दोष. भोंगा बदलला तरी तेच. विजेवर तेच, बॅटरीवरही तेच, म्हणजे वीजपुरवठा सुटला. आणि प्रत्येक नोंदीत वेळ ३५ ते ५० मिनिटं. उकाड्यात लवकर, पावसात उशिरा. दुकानदार पाच मिनिटं वाजवून पाहणार, त्याला काय सापडणार! दुखणं उष्णतेचं होतं.

पुढचं काम दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेल्या आपल्या एका शेजाऱ्यांनी केलं. आत २३० व्होल्ट नकोत म्हणून खोका बॅटरीवर लावला, झाकण काढलं, हेअर ड्रायरने एकेक भाग तापवला आणि लाकडी पेन्सिलीच्या टोकाने हलकेच टकटक करत गेले. एका जागी पेन्सिल लागताच आवाज फाटला, पुन्हा लागताच जुळला.

त्या दोन ट्रान्झिस्टरचं काम जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींसारखं असतं. ध्वनीच्या लहरीचा अर्धा भाग एक ओढतो, उरलेला अर्धा दुसरा. एकीचा हात सुटला तर जातं अडखळत फिरतं, तसा आवाज अर्धा आणि फाटका होतो. इथे एका ट्रान्झिस्टरच्या वाटेवरच्या रेझिस्टरचा टाका सुटला होता. हा रेझिस्टर चांगलाच तापतो. तापला की त्याची तार फुगते, निवला की आक्रसते. २८ वर्षं असं होऊन तारेभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल चीर पडलेली. थंड असताना ती मिटलेली, म्हणून साध्या डोळ्यांना दिसेना, भिंगाखाली दिसली. दुरुस्तीवाले याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. जुनं सोल्डर ओढून काढलं, तारेचा पाय खरवडून स्वच्छ केला, नवा टाका दिला. खर्च पाच रुपयांच्या आतला. नंतर एका रविवारी सलग तीन तास वाजवला. आवाज फाटला नाही. (आवाज मात्र लहान ठेवला होता. लाउडस्पीकरचे नियम आपल्या नोंदणीच्याच, २००० सालचे आहेत, याची आठवण तळमजल्यावरून वेळोवेळी होत असते.)

पुढच्या सभेत भंगाराचा ठराव मागे घेतला गेला. मी आणखी एक मागणी केली. इतिवृत्तातलं ते वाक्य दुरुस्त व्हावं. काहीजण म्हणाले, ‘जाऊ द्या हो, कोण वाचतंय?’ काकांचं म्हणणं विचारलं तर ते म्हणाले, ‘माझं काय, पण वहीत चुकीचं नको.’ ज्यांनी ठराव मांडला होता त्याच गृहस्थांनी दुरुस्तीची सूचना मांडली, आणि ‘यंत्रातील सोल्डरचा जुना टाका सुटल्याने दोष; हाताळणीशी संबंध नाही’ असं नोंदवलं गेलं. ते पान कोणालाही कार्यालयात पाहता येईल.

काका २०१६ साली गेले. त्यांची वही खोक्याबरोबर कपाटातच आहे. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला खोका बाहेर निघतो. आतले मोठे कपॅसिटर अजून मूळचेच आहेत आणि अलीकडे हलकी गुणगुण ऐकू येते. यंदा गणपतीआधी ते बदलून घ्यावेत, असं मी सेक्रेटरींना लेखी कळवलं आहे.