नळी बदलली, रायफल तीच

अमेरिकेत शिकारीचा किंवा नेमबाजीचा छंद असलेली कित्येक माणसे आपल्या रायफलीची नळी घरच्या घरी बदलतात. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही. त्यामुळे हे ऐकून आपल्याला नवल वाटते. परंतु खरे नवल निराळेच आहे. एका गावात बनलेली रायफल आणि शेकडो मैलांवरच्या दुसऱ्याच कारखान्यात बनलेली नळी, या दोघी कधी एकमेकींना भेटलेल्या नसताना एकमेकींत नीट बसतातच कशा? या साध्या प्रश्नाच्या उत्तराला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला आहे. त्या इतिहासात एका गोष्टीचा उलगडा होतो, जी आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत सहसा येत नाही.

प्रथम नळी बदलताना काय होते ते पाहू. बोल्ट पद्धतीच्या रायफलीत नळीच्या मागच्या तोंडाशी काडतूस बसते आणि त्यामागे दाराच्या कडीसारखा पुढेमागे सरकणारा पोलादी बोल्ट ते तोंड बंद करतो. नळी रायफलीच्या मुख्य भागात आट्यांनी घट्ट बसवलेली असते. काही हजार गोळ्या झाडल्यावर तप्त वायूंमुळे नळीतील खाचा झिजतात, नेम चुकू लागतो, आणि मग नळी बदलावी लागते. जुनी नळी सोडवली, नवी आट्यांवर फिरवून बसवली, की काम संपले असे मात्र नाही. बोल्टचा चेहरा आणि काडतूस जेथे अडते ती जागा, यांच्यातील अंतर ठरावीक मर्यादेत असावे लागते. ते कमी झाले तर बोल्ट बंदच होत नाही. जास्त झाले तर काडतुसाचे पितळी कवच फाटून तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो. ब्रिटिशांच्या लष्करातील ०.३०३ इंची ली-एनफिल्ड रायफलीत हे अंतर ०.०६४ इंचापेक्षा कमी आणि ०.०७४ इंचापेक्षा जास्त चालत नसे. म्हणजे सारा खेळ जेमतेम पाव मिलिमीटरचा!

हे अंतर मोजायला मोजपट्टी लागत नाही. पोलादाची दोन छोटी मापे लागतात. पहिले आत ठेवल्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसरे ठेवल्यावर बंद होता कामा नये. कारागीर या मापांना 'गो' आणि 'नो-गो' गेज म्हणतात. अंतर नेमके किती आहे, हे गेज सांगत नाहीत. ते चालण्यासारखे आहे की नाही, एवढेच सांगतात. ही कल्पना आज सोपी वाटते, पण ती रुजायला फार काळ जावा लागला.

अठराव्या शतकातील बंदूक ही पूर्णपणे हाताची कारागिरी होती. लोखंडाची तापवलेली पट्टी सळईभोवती ठोकून नळी घडवीत. चकमकीचा घोडा, कमान, खिळे हे भाग ओबडधोबड बनवून मग कानशीने घासून एकमेकांत बसवीत. कारागिराचा डोळा आणि हात हेच माप. त्यामुळे शेजारी शेजारी बसून बनवलेल्या दोन बंदुकांचेही भाग एकमेकींना लागत नसत. रणांगणावर एखादा छोटा भाग मोडला, तर त्याची जागा घेणारा भाग तयार मिळत नसे. कुशल कारागिरापर्यंत पोहोचेतो ती बंदूक निरुपयोगी होई.

फ्रेंच लष्कराला हे खटकत होते. तोफखान्याचा प्रमुख ग्रिबोव्हाल याने १७६५पासून तोफांच्या गाड्यांचे भाग एकसारखे करण्यास सुरुवात केली होती. ओनोरे ब्लाँ या बंदूक कारागिराने हाच विचार बंदुकीच्या घोड्याच्या यंत्रणेला लावला. १७८५ साली अमेरिकेचे पॅरिसमधील वकील थॉमस जेफर्सन यांनी त्याचे काम पाहिले. सुट्या भागांच्या ढिगातून हाताला येईल तो भाग उचलून त्यांनी काही यंत्रणा स्वतः जुळवल्या आणि त्या बरोबर जुळल्या! जेफर्सननी ही हकीकत लगेच पत्राने मायदेशी कळवली. ब्लाँला मात्र इतर कारागिरांचा कडवा विरोध सोसावा लागला. भाग जुळवण्याचे कौशल्य हीच त्यांची भाकरी होती. १८०१ मध्ये ब्लाँ वारला आणि फ्रान्समध्ये ही कल्पना मागे पडली.

अमेरिकेत या कल्पनेचे श्रेय बराच काळ एलाय व्हिटनी यांना दिले जात असे. त्यांनी १७९८ साली दोन वर्षांच्या आसपास १०,००० बंदुका देण्याचा करार केला, १८०१ मध्ये पुढाऱ्यांसमोर प्रात्यक्षिक करून सर्वांना चकित केले, आणि शेवटची बंदूक दिली ती १८०९ साली. पुढे इतिहासकारांनी संग्रहालयांतील व्हिटनींच्या बंदुका उघडून पाहिल्या. त्यांचे भाग एकमेकींना लागत नव्हते. रॉबर्ट वुडबरी यांनी १९६० साली या दंतकथेची चिकित्सा करणारा लेख लिहिला. जुन्या वस्तूच इतिहासाचा पुरावा कशा होतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

ज्याने हे काम खरोखर करून दाखवले तो जॉन हॉल मात्र फारसा कोणाला माहीत नसतो. व्हर्जिनियातील हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारात १८२०च्या दशकात त्याने पाठीमागून भरायची रायफल बनवली. प्रत्येक भागासाठी गेज ठरवले. अशा गेजांची संख्या साठाच्या वर गेली. त्याची दुसरी युक्ती शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. एका कडेपासून दुसरे भोक, दुसऱ्यापासून तिसरे, तिसऱ्यापासून चौथे असे मोजत गेले, तर प्रत्येक मोजणीतील चूक पुढच्या मोजणीत मिसळत जाते. हॉलने प्रत्येक भागावर एकच आधारबिंदू ठरवला आणि सारी मापे तेथूनच घेतली. मग चुका साठत नाहीत. १८२६च्या अखेरीस सरकारी समितीने त्याच्या १०० रायफली सुट्या केल्या, भाग एकमेकांत मिसळले आणि नव्या दस्त्यांवर पुन्हा जुळवले. ते जुळले. १८३४ पर्यंत तर शेकडो मैल दूर कनेक्टिकट राज्यात सिमियन नॉर्थच्या कारखान्यात बनलेले भागही हॉलच्या रायफलीला लागू लागले. आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथे मिळते.

याची किंमत मोठी होती. एक म्हणजे, असे भाग सुरुवातीला हाताने बनवलेल्या भागांपेक्षा महाग पडत. नफ्यावर चालणारा कारखानदार इतका काळ तग धरू शकला नसता. सरकारी तिजोरी होती म्हणून प्रयोग टिकला. दुसरी किंमत माणसांनी दिली. आपल्या मर्जीने येणारा, आपल्या नजरेने काम पारखणारा कारागीर आता घड्याळाच्या आणि गेजच्या हुकमतीखाली आला. हार्पर्स फेरीत शिस्त आणू पाहणाऱ्या थॉमस डन या अधीक्षकाला १८३० साली एका कारागिराने त्याच्या कचेरीतच गोळी घालून ठार केले. १८४२ साली कामाच्या वेळा घड्याळाप्रमाणे ठरवल्या, तेव्हा तेथील कारागीर काम टाकून निघाले आणि तक्रार घेऊन थेट वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्षांकडे गेले. त्यांच्या पदरी काही पडले नाही. गेजने सैनिकाची सोय केली, पण कारागिराच्या डोळ्याची किंमत उतरवली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि इतिहास शिकवताना दोन्ही सांगायला हव्यात.

इंग्रजांना ही 'अमेरिकन पद्धत' दिसली ती १८५१च्या लंडन येथील महाप्रदर्शनात. थोड्याच वर्षांत त्यांनी अमेरिकेला समिती पाठवली. स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात समितीने १८४४ ते १८५३ या दहा वर्षांतील प्रत्येक वर्षाची एक अशा दहा बंदुका निवडल्या, खोलून त्यांचे भाग मिसळले, आणि एका कामगाराने केवळ पेचकस वापरून त्या पुन्हा जुळवल्या. समितीने भराभर यंत्रे खरेदी केली आणि इंग्लंडमधील एनफिल्ड येथे नवा कारखाना उभा राहिला. ज्या एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांमुळे १८५७ साली आपल्याकडे ठिणगी पडली, तिच्याच नमुन्याचे उत्पादन तेथे नव्या पद्धतीने होऊ लागले. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कलकत्त्याजवळच्या इशापूर येथेही ली-एनफिल्ड रायफली बनू लागल्या.

आता राहिले आटे. नळी ज्या आट्यांनी बसते, ते आटे पूर्वी प्रत्येक कारखान्याचे वेगळे असत. जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमधील अनेक कारखान्यांतून स्क्रू गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली सर्वांसाठी एकच पद्धत सुचवली. तिच्यात आट्यांचा कोन ५५ अंशांचा होता आणि प्रत्येक जाडीला इंचात किती आटे हे ठरलेले होते. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली ६० अंशांचा कोन सुचवला. पाच अंशांचा हा फरक दुसऱ्या महायुद्धात फार महाग पडला. मित्रराष्ट्रे म्हणून एकत्र लढणाऱ्या सैन्यांचे नट-बोल्ट एकमेकांना लागत नव्हते! अखेर नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांच्या समान आट्यांच्या करारावर सह्या केल्या.

तरी एक प्रश्न उरतोच. भाग गेजने तपासला, पण गेज कशाने तपासायचा? त्याचे उत्तर दिले स्वीडनमधील एस्किल्स्टुना येथील रायफल कारखान्याचा तपासनीस कार्ल एडवर्ड योहानसन याने. १८९०च्या दशकाच्या मध्यास स्वीडनने जर्मनीतील माउझर रायफल स्वीकारली आणि योहानसनला ते काम पाहण्यासाठी ओबर्नडॉर्फला पाठवले. तेथे प्रत्येक मापासाठी पोलादाचा वेगळा ठोकळा होता. एका रायफलीसाठी असे शेकडो ठोकळे! परतीच्या रेल्वेप्रवासात त्याने हिशेब मांडला की मोजके ठोकळे एकावर एक ठेवून हवे ते माप मिळवता येईल. त्याच्या संचात १.०१ ते १.४९ मिलिमीटरचे ४९, अर्ध्या मिलिमीटरपासून २४.५ पर्यंतचे ४९ आणि २५, ५०, ७५, १०० मिलिमीटरचे ४, असे एकूण १०२ ठोकळे होते. समजा, ३७.८६ मिलिमीटर हवे आहे. मग १.३६, ११.५ आणि २५ हे तीन ठोकळे घ्या. अशा रीतीने शंभराव्या मिलिमीटरच्या टप्प्याने सुमारे २०,००० मापे होतात. विद्यार्थ्यांना हे कोडे जरूर घालावे. हे ठोकळे त्याने घरीच, पत्नीच्या शिवणयंत्राला घासण्याची चकती जोडून पूर्ण केले, असे सांगतात. रायफलीच्या कारखान्यांतील कसब अमेरिकेत पुढे ज्या उद्योगांत पसरले, त्यांत शिवणयंत्रे पहिल्या काहींपैकी होती, हे येथे आठवते.

इतक्या सूक्ष्म मापाला उष्णताही पुरते. १०० मिलिमीटरचा पोलादी ठोकळा २० अंश सेल्सिअसवरून ३५ अंशांवर गेला की जवळजवळ ०.०१७ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे संचातील लहानात लहान टप्प्यापेक्षाही जास्त. म्हणून लांबीच्या मोजमापासाठी २० अंश हे तापमान जगाने ठरवून घेतले. ब्रिटिश आणि अमेरिकी इंचात असलेला बारीक फरकही योहानसनने इंच २५.४ मिलिमीटरचा धरून बाजूला सारला. १९५९ साली इंचाची हीच व्याख्या आंतरराष्ट्रीय करारात मान्य झाली.

एवढे झाल्यावर सर्व भाग तंतोतंत सारखे झाले का? नाही, आणि हीच या इतिहासातील शिकण्याजोगी गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धातील ली-एनफिल्ड क्रमांक ४ या रायफलीच्या बोल्टचे टोक ०, १, २, ३ अशा एकापेक्षा एक किंचित लांब क्रमांकांत मिळे. नळीमागचे अंतर वाढले, की पुढच्या क्रमांकाचे टोक लावून ते पुन्हा मर्यादेत आणीत. फरक असणारच हे गृहीत धरून, तो किती चालेल हे आधी ठरवले गेले होते. नळी बदलता येते ती भाग बिनचूक असतात म्हणून नव्हे, तर चुकीची मर्यादा सर्वांनी मिळून ठरवलेली असते म्हणून.

आपल्या शाळांत आपण मुलांना व्हर्निअर कॅलिपर हाती देतो, लघुत्तम माप पाठ करून घेतो आणि उत्तर पुस्तकाशी जुळले नाही तर गुण कापतो. 'किती फरक चालेल?' हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मुले मग प्रयोगवहीत निरीक्षणे उत्तराकडे ओढून लिहितात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. त्याऐवजी एक सोपा प्रयोग करून पाहावा. वर्गाचे दोन गट करा. दोन्ही गटांना २० सेंटिमीटरची एकेक कागदी पट्टी द्या. पहिल्या गटातील प्रत्येक मुलाने आपल्या आधीच्या मुलाच्या पट्टीवरून नवी पट्टी कापायची, दुसऱ्या गटातील प्रत्येकाने मूळ पट्टीवरूनच कापायची. शेवटी दोन्ही गटांच्या सर्व पट्ट्या फळ्यावर शेजारी शेजारी चिकटवा. जॉन हॉलची युक्ती मुलांना बहुधा न सांगताच कळेल. मग त्यांना विचारा, की या पट्ट्यांची चौकट करायची असेल तर यातल्या कोणत्या चालतील, कोणत्या नाहीत आणि हे कोणी ठरवायचे? त्यावर वर्गात वाद झाला, तर तो लगेच थांबवू नये.